कळलावी : एका रानकंदाचे विष आणि औषध



आषाढाच्या पहिल्या जोरदार सरी पडून गेल्या की कोकण-गोमंतकाच्या कुंपणांतून, घाटाच्या उतारांवरून आणि बेळगाव-खानापूरच्या रानकडेने एक कोवळा वेल डोके वर काढतो. त्याला चढण्यासाठी निराळे ताणे नसतात. पानाचेच टोक लांबत जाऊन वळते आणि जवळची काटकी धरते. श्रावण-भाद्रपदात हा वेल फुलला म्हणजे मात्र त्याच्याकडे दुर्लक्ष करणे कोणासही शक्य होत नाही. सहा पाकळ्या मागे वळून आकाशाकडे उभ्या राहतात, त्यांच्या कडा नागमोडी असतात, आणि पहिल्या दिवशीचा हिरवट पिवळा रंग काही दिवसांत नारिंगी, मग तांबडाभडक होतो. एकाच वेलावर ह्या सर्व अवस्था एकाच वेळी दिसतात, त्यामुळे झुडुपास विस्तव लागल्याचा भास होतो. अग्निशिखा हे संस्कृत नाव ज्याने दिले त्याने ते पाहूनच दिले असले पाहिजे. वनस्पतिशास्त्रात लिनियसने 1753 साली तिला ग्लोरिओसा सुपर्बा असे नाव दिले. वैभव आणि डौल असे दोन्ही अर्थ त्यात आले आहेत. मराठीत मात्र तिला कळलावी म्हणतात.

गणेशचतुर्थीस गोमंतकात देवाच्या वर जी माटोळी बांधतात, तीत रानातील फळाफुलांबरोबर ही फुलेही टांगली जातात. तेथे तिला वाघनखी म्हणण्याचा प्रघात आहे, आणि वळलेल्या पाकळ्यांकडे पाहता ते नाव शोभूनही दिसते. तमिळनाडूने हिला राज्यपुष्पाचा मान दिला आहे. संघकालीन तमिळ काव्यात ‘कांदळ’ ह्या नावाने ती वारंवार येते, आणि कपिलर ह्या कवीने ‘कुरिंजिप्पाट्टु’ ह्या काव्यात नव्याण्णव फुलांची जी यादी दिली आहे, तिचा आरंभच ह्या फुलाने होतो. आफ्रिकेतील झिंबाब्वेचेही हे राष्ट्रीय फूल आहे. 1947 साली राजकन्या एलिझाबेथ तिकडे गेल्या असता त्यांना ह्याच फुलाच्या आकाराचे हिऱ्यांचे पदक भेट देण्यात आले होते. म्हणजे देवघर, काव्य आणि राजदरबार ह्या तिन्ही ठिकाणी ह्या फुलाला मान आहे. आजचा विषय त्याहून खाली, मातीत आहे. पावसाळा सरला की वेल सुकून नाहीसा होतो आणि उरतो तो कंद. त्याला दोन शाखा फुटलेल्या असतात, कोन करून जोडलेल्या, लहानशा नांगरासारख्या. लांगली आणि हलिनी ही नावे ह्या नांगरावरूनच पडली. ह्या कंदात आणि त्याहूनही अधिक बियांत जे द्रव्य साठते, त्याने माणसे दगावली आहेत आणि त्यानेच माणसांची दुखणीही बरी झाली आहेत.

‘कळलावी’ ह्या नावाचे दोन अर्थ लोकांत रूढ आहेत. एक अर्थ कळ लावणारी, म्हणजे भांडण लावणारी. नारदमुनींस आपण जे विशेषण लावतो तेच हे. ह्या वेलाचे फूल घरात खोचून ठेवल्यास घरात कलह माजतो अशी समजूत आहे, आणि संस्कृतातील कलिकारी ह्या नावातही तोच भाव आहे. दुसरा अर्थ सुईणींच्या अनुभवातून आला. कळा म्हणजे प्रसूतीच्या वेदना, त्या आणणारी ती कळलावी. दुसराच अर्थ मूळचा असावा आणि कलहाची समजूत शब्दसाम्यातून मागाहून चिकटली असावी, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे. गर्भपातिनी आणि गर्भनुत् ही तिची संस्कृत नावे ह्याच दिशेने बोट दाखवितात.

खेड्यापाड्यांतील सुईणी अडलेल्या बाळंतिणीच्या बेंबीभोवती आणि ओटीपोटावर ह्या कंदाचा लेप देत. काही ठिकाणी कंद नुसता केसांत किंवा कमरेस बांधीत, आणि मूल होताच तो ताबडतोब काढून टाकण्याचा दंडक असे. ही केवळ गावंढळ रीत नव्हे. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, प्रसूतीस विलंब होत असलेल्या स्त्रीस हुंगण्यासाठी जे चूर्ण सांगितले आहे, त्यात कोष्ठ, वेलची, वेखंड, चित्रक ह्यांबरोबर लांगली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात वार अडकली असता लांगलीच्या मुळाचा कल्क हातापायांच्या तळव्यांना लावण्यास सांगितले आहे. ह्या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकात हुंगावयाचे आहे आणि दुसऱ्यात तळव्यास चोळावयाचे आहे. गर्भिणीने तो कंद पोटात घ्यावा असे तेथे म्हटलेले नाही. पुढच्या काळात ज्यांनी गुपचूप गर्भ पाडण्यासाठी हा कंद स्त्रियांना खावयास दिला, त्यांनी ग्रंथही पाहिला नाही आणि सुईणीची रीतही पाळली नाही. न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत अशा मृत्यूंच्या नोंदी आहेत. लेपाने कळा खरोखर वाढतात काय, हे मानवी प्रसूतीत सिद्ध झालेले नाही, आणि आज रुग्णालयात निश्चित मात्रेची औषधे असताना ते सिद्ध करण्याचे प्रयोजनही उरलेले नाही.

भावप्रकाशात रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा अशी सात उपविषे सांगितली आहेत. वत्सनाभासारखी जी महाविषे, त्यांच्याखालच्या पायरीवर ही सात. ह्या वर्गीकरणात मोठी व्यावहारिक बुद्धी आहे. ज्या द्रव्यापासून सावध राहावयाचे आणि तरीही ज्याचा उपयोग सोडावयाचा नाही, ते द्रव्य उपविष. म्हणून त्याच्या पाठोपाठ शोधन येते. कळलावीचा कंद चिरून गोमूत्रात भिजत ठेवावा, नंतर धुऊन वाळवावा आणि मगच वापरावा, असा विधी आहे. आधुनिक दृष्टीने पाहिल्यास ह्यात चमत्कार काही नाही. कंदातील मुख्य विष पाण्यात सहज विरघळते, तेव्हा भिजविणाऱ्या द्रवात त्याचा काही भाग उतरणे स्वाभाविक आहे. मात्र ‘काही भाग’ आणि ‘सर्व भाग’ ह्यांत जीवनमरणाचे अंतर आहे, आणि किती भाग उतरला हे डोळ्यांस दिसत नाही. ग्रंथांतील प्रसिद्ध कल्पांत तिचा उपयोग बहुधा बाह्य असतो, हे ह्या संदर्भात लक्षणीय आहे. मूळव्याधीच्या कोंबांस लावण्याच्या कासीसादि तेलात लांगली आहे. गंडमाळेसाठी निर्गुंडीच्या रसात सिद्ध केलेल्या तेलातही तिचा कल्क पडतो. डोक्यातील उवांवर पानांचा रस चोळण्याची चाल अनेक प्रांतांत होती.

नावांच्या घोटाळ्याने येथे फार अनर्थ केला आहे. कोकणात आणि घाटावर काही ठिकाणी कळलावीच्या कंदालाच बचनाग म्हणतात. खड्यानाग हे आणखी एक नाव. वस्तुतः बचनाग म्हणजे वत्सनाभ. ती हिमालयातील वनस्पती, तिचे कूळ निराळे, तिचे विष निराळे. वत्सनाभाचे विष हृदयाच्या ठोक्यांवर आणि मज्जातंतूंवर झपाट्याने काम करते, कळलावीचे विष तासांनी आणि दिवसांनी. विषबाधा झालेल्या माणसाचे नातेवाईक दवाखान्यात ‘बचनाग खाल्ला’ एवढेच सांगतात तेव्हा वैद्यास किंवा डॉक्टरास कोणत्या बचनागाशी सामना आहे हे समजणे कठीण जाते. कंदाचा उरलेला तुकडा किंवा वेलाचे पान बरोबर नेणे हाच त्यावर साधा उपाय होय.

हे विष कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे, कारण त्याची चाल फसवी आहे. कंद खाल्ल्यावर पहिले काही तास माणसास काहीच वाटत नाही. मग ओकाऱ्या, पोटात पिळवटून कळा आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. ते एक-दोन दिवसांत कमी झाले की घरच्यांस संकट टळले असे वाटते. खरे संकट त्यानंतर येते. रक्त तयार करणारी अस्थिमज्जा बंद पडू लागते, मूत्रपिंडे, यकृत आणि हृदय हळूहळू हात टेकतात. जे ह्यातूनही वाचतात त्यांचे दोन-तीन आठवड्यांनी डोक्याचे सर्व केस गळतात, आणि काही महिन्यांनी पुन्हा उगवतात. श्रीलंकेत हिला नियंगला म्हणतात, आणि तेथे रताळे किंवा खाण्याचा रानकंद समजून हा कंद शिजवून खाल्ल्याने झालेल्या विषबाधा वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. शिजविल्याने हे विष जात नाही. आपल्याकडे करांदे, कणगी, सुरण अशा रानकंदांची आवड असलेल्या घरांनी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. ह्या विषावर सर्वत्र मिळेल असा उतारा अद्याप नाही. 1995 साली फ्रान्समध्ये प्रतिपिंडांच्या तुकड्यांचा उपयोग करून एका रुग्णाचे प्राण वाचविण्यात आले, पण ते औषध बाजारात आले नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठणे एवढेच हाती राहते.

ह्या विषाचे नाव कोल्चिसिन. पण हे नाव कळलावीवरून आलेले नाही. त्यासाठी थोडे पश्चिमेकडे वळावे लागते.

काळ्या समुद्राच्या पूर्वेस प्राचीन कोल्किस नावाचा देश होता. ग्रीक पुराणांतील विषविद्येत निपुण मेडिया ही तेथली राजकन्या. त्या देशाच्या नावावरून कोल्चिकम ह्या छोट्या कंदवर्गीय फुलझाडास नाव मिळाले. त्याच वर्गातील एक जाती काश्मीरच्या थंड उतारांवर होते, आणि हकिमांच्या दुकानात ती सुरंजान ह्या नावाने मिळते. हैदराबादसारख्या युनानी वैद्यकाची परंपरा असलेल्या शहरात सुरंजान हे सांधेदुखीचे औषध म्हणून आजही माहीत आहे. सहाव्या शतकातील बायझंटाईन वैद्य ट्रॅलेसचा अलेक्झांडर ह्याने पायाच्या अंगठ्याला ठणका लावणाऱ्या त्या राजरोगावर, म्हणजे गाऊटवर, असाच कंद वापरण्यास सांगितले होते. आयुर्वेदात ह्या रोगास वातरक्त म्हणतात. युरोपात पुढे त्याच्या विषारीपणाच्या भयाने कित्येक शतके तो मागे पडला. 1763 साली व्हिएन्नाच्या श्टोर्क ह्या वैद्याने त्याला पुन्हा पुढे आणले, आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समधील हुसाँ ह्या सैनिकी अधिकाऱ्याने एक गुप्त औषधी पाणी विकण्यास आरंभ केला. गाऊटने त्रासलेले धनिक त्यावर लुब्ध होते. त्या पाण्यातील गुप्त द्रव्य कोल्चिकमच आहे हे 1814 मध्ये जॉन वाँट ह्या इंग्रज वैद्याने दाखवून दिले.

1820 साली पॅरिसमधील पेल्तिये आणि काव्हाँतू ह्या दोघा औषधशास्त्रज्ञांनी ह्या कंदातून क्षारधर्मी द्रव्य वेगळे केले. त्याच वर्षी ह्याच दोघांनी सिंकोनाच्या सालीतून क्विनीन काढले, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या वर्षाचे मोल कळते. त्यांना ते द्रव्य दुसऱ्याच एका वनस्पतीतील विषासारखे वाटले. ते स्वतंत्र आहे हे ओळखून त्यास कोल्चिसिन हे नाव 1833 मध्ये गायगर ह्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने दिले, आणि 1884 मध्ये ऊदे ह्याने त्याच्या मोजून घेता येतील अशा गोळ्या बनविल्या. कंदापासून मोजक्या गोळीपर्यंतचा हा प्रवासच ह्या विषयाचा गाभा आहे. एकाच रानातील दोन कंदांत कोल्चिसिनचे प्रमाण सारखे नसते. ते ऋतूप्रमाणे, कंदाच्या वयाप्रमाणे आणि जमिनीप्रमाणे बदलते. चिमटीने किंवा तोळ्यामाशाने कंद मोजला तरी त्यातील विष मोजले जात नाही.

कळलावीकडे रसायनशास्त्राचे लक्ष गेले ते कलकत्त्यात. 1880 साली वॉर्डन ह्यांनी तिच्या कंदातून एक कडू द्रव्य काढून त्यास सुपर्बिन असे नाव दिले. पुढे 1890 ते 1893 ह्या काळात वॉर्डन, मुंबईचे डायमॉक आणि हूपर ह्या तिघांनी ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा मोठा ग्रंथ सिद्ध केला. कळलावीविषयी त्या काळी एक रोचक वाद होता. मद्रासचे मुदीन शरीफ हे विद्वान वैद्य. त्यांनी ह्या कंदाचे चूर्ण अल्प मात्रेत स्वतः घेऊन पाहिले, आणि लोक समजतात तितका हा कंद विषारी नाही, उलट तो बलवर्धक आहे, असे मत दिले. एवढ्या प्रामाणिक निरीक्षकाने असे का म्हणावे? उत्तर सोपे आहे. त्यांनी घेतलेल्या अल्प मात्रेत जे कोल्चिसिन पोटात गेले असेल ते आजच्या गोळीच्या आसपासचे असावे, म्हणून ते सुखरूप राहिले. दुसऱ्या रानातला, दुसऱ्या महिन्यात खणलेला कंद त्यांच्या हाती आला असता तर कदाचित हे मत लिहावयास ते उरले नसते. 1915 साली इंग्लंडमधील क्लूअर, ग्रीन आणि ट्युटिन ह्यांनी कळलावीच्या कंदातील ते विष म्हणजे कोल्चिसिनच होय हे दाखवून वादावर पडदा टाकला. हजारो मैल दूरच्या दोन वेगळ्या वनस्पतींत एकच द्रव्य! त्या दोघी एकाच कुळातील आहेत ही गोष्ट वनस्पतिशास्त्रज्ञांनी नंतर मान्य केली, आणि त्या कुळास कोल्चिकेसी हेच नाव आहे.

आता हे द्रव्य शरीरात करते काय? प्रत्येक पेशीच्या आत ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाचे कण एकास एक जोडून सूक्ष्म नळ्या तयार होतात. पेशी हलते ती ह्या नळ्यांच्या आधाराने, आणि तिचे विभाजन होताना गुणसूत्रे दोन बाजूंस ओढली जातात तीही ह्यांच्याच आधाराने. कोल्चिसिन ट्युब्युलिनला चिकटते आणि नळी वाढू देत नाही. ब्रुसेल्सच्या दुस्तँ ह्यांनी 1934 च्या सुमारास पेशीविभाजन ह्या द्रव्याने मध्येच थबकते हे विस्ताराने दाखविले. गाऊटमध्ये सांध्यात यूरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक साचतात. ते गिळण्यासाठी रक्तातील पांढऱ्या पेशी धावत येतात आणि त्यांच्या गर्दीनेच सांधा लाल होऊन ठणकू लागतो. कोल्चिसिन स्फटिक विरघळवीत नाही. ते ह्या धावणाऱ्या पेशींचे पाय बांधते. म्हणून ठणका थांबतो, रोगाचे मूळ राहते. ज्यांना ह्या गोळीने आराम पडला त्यांनी यूरिक आम्लाचे औषध आणि पथ्य सोडून देणे म्हणूनच अयोग्य आहे.

विषबाधेचे चित्रही ह्याच गुणधर्मातून उलगडते. शरीरात ज्या पेशी सर्वांत वेगाने विभागतात त्या आतड्याच्या अस्तराच्या, अस्थिमज्जेच्या आणि केसांच्या मुळांच्या. कळलावीचा घाला पडतो तोही नेमका ह्याच तीन ठिकाणी, आणि ह्याच क्रमाने दिसतो.

मात्रेचा प्रश्न येथे निकडीचा होतो. पूर्वी गाऊटचा झटका आला की जुलाब सुरू होईपर्यंत तासातासाने गोळी देत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित परीक्षणात पहिल्या तासाभरात दिलेल्या एकूण 1.8 मिलिग्रॅम मात्रेचा गुण 4.8 मिलिग्रॅम इतक्या जुन्या मोठ्या मात्रेइतकाच आला, आणि त्रास फार कमी झाला. म्हणजे कित्येक पिढ्यांच्या रोग्यांनी जुलाब विनाकारण सोसले. ह्या औषधाच्या गुणकारी आणि घातक मात्रांत अंतर किती थोडे आहे हे एका आकड्यावरून कळेल. केवळ 7 मिलिग्रॅमने मृत्यू आल्याच्या नोंदी आहेत. त्यातून ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांच्या शरीरात ते साचून राहते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखे एखादे साधे जंतुनाशक बरोबर घेतले तर रक्तातील त्याचे प्रमाण एकदम चढते. घरातील वडीलधाऱ्यांस गाऊटसाठी ही गोळी चालू असेल आणि खोकल्यासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाणे झाले, तर पहिल्या गोळीचे नाव दुसऱ्या डॉक्टरांस सांगितलेच पाहिजे. विषारी रानकंदापासून दूर राहणारी माणसे औषधाच्या पुडीतील त्याच विषाविषयी मात्र निश्चिंत असतात, हा विसंवाद नजरेआड करण्यासारखा नाही.

1972 साली भूमध्यसागराच्या परिसरातील एका आनुवंशिक ज्वरावर कोल्चिसिन गुणकारी असल्याचे गोल्डफिंगर ह्यांनी कळविले, आणि ज्या घराण्यांत हा ज्वर पिढ्यान्‌पिढ्या येई त्यांना प्रथमच आधार मिळाला. हृदयाच्या आवरणास सूज येते त्यावरही ते आज वापरले जाते. पण अलीकडचे मोठे कुतूहल हृदयविकाराच्या झटक्याविषयी आहे. धमनीत चरबीचा थर साठतो त्यातही दाहाचा भाग असतो, तो कमी केला तर पुढचा झटका टळेल काय? 2019 मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी 4745 रुग्णांवर केलेले परीक्षण प्रसिद्ध झाले. रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिन घेणाऱ्यांत 5.5 टक्के आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांत 7.1 टक्के लोकांस पुढील आघात झाले. 2020 मधील 5522 रुग्णांच्या दुसऱ्या परीक्षणात हे आकडे 6.8 आणि 9.6 असे आले. त्या आधारावर 2023 च्या जूनमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयरोग्यांसाठी ह्या अल्प मात्रेस मान्यता दिली. परंतु 2024 मध्ये जाहीर झालेल्या, 7000 हून अधिक रुग्णांच्या तिसऱ्या परीक्षणात लाभ दिसला नाही. 9.1 टक्के आणि 9.3 टक्के, म्हणजे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्याच. तेव्हा हा प्रश्न मिटलेला नाही, आणि वर्तमानपत्रात वाचून कोणी ही गोळी आपणहून सुरू करू नये.

कळलावीच्या अर्कांविषयी मात्र नेमक्या उलट्या प्रकारचा उत्साह आढळतो. पाण्यातील अर्क, मद्यार्कातील अर्क, पानांचा, कंदाचा, बियांचा अर्क अशा अनेकांवर प्रयोगशाळांतून शोधनिबंध लिहिले गेले आहेत. एकात जंतू मरतात, दुसऱ्यात उंदराच्या पंजाची सूज उतरते, तिसऱ्यात काचेच्या बशीतील कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात. ह्यांतील निरीक्षणे खोटी आहेत असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या द्रव्याने वाढणारी कोणतीही पेशी थबकते, त्याच्या अर्कात कर्करोगाची पेशीही थबकली ह्यात नवल ते काय? प्रश्न बशीचा नाही, रोगी माणसाच्या मज्जेचा आहे. कोल्चिसिन स्वतः कर्करोगाचे औषध होऊ शकले नाही ते ह्याच कारणाने. जेवढ्या मात्रेने गाठ आटावी तेवढ्याने माणूसच आटतो. ‘कळलावीने कर्करोग बरा होतो’ असे सांगत जे अर्क आणि चूर्णे विकतात त्यांना उत्तर द्यावयाचे ते एवढेच.

त्यापेक्षा शेतीत ह्या विषाने केलेले काम कितीतरी भरीव आहे. 1937 साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि एव्हरी ह्यांनी बियांवर कोल्चिसिनचे पाणी घालून पाहिले. पेशीतील गुणसूत्रे दुप्पट झाली, पण विभाजन पुरे झाले नाही. परिणामी दुप्पट गुणसूत्रांचे रोप मिळाले. ही युक्ती हाती येताच वनस्पती-सुधारणेचे एक नवे दालन उघडले. जपानमधील किहारा ह्यांनी तिच्या साहाय्याने बिनबियांचे कलिंगड सिद्ध केले. उन्हाळ्यात ते खाणाऱ्यास आपल्या आणि कळलावीच्या संबंधाची कल्पनाही नसते.

भारतात ह्या वनस्पतीतून आणखी एक औषध येते, थायोकोल्चिकोसाईड. कंबरेची किंवा मानेची उसण भरली की लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते वारंवार आढळते. कळलावीच्या बियांतील दुसऱ्या एका द्रव्यापासून ते तयार करतात. 2013 मध्ये युरोपच्या औषध नियामकांनी त्याच्या वापरावर मर्यादा घातली. पोटातून सात दिवसांपेक्षा अधिक काळ ते देऊ नये, आणि गर्भवती स्त्रियांस देऊच नये, असे त्यांनी सांगितले, कारण शरीरात त्याचे जे रूपांतर होते त्याने गुणसूत्रांच्या संख्येत बिघाड होण्याचा संभव दिसला. आपल्याकडे मानदुखीसाठी ती गोळी महिनोन्‌महिने चालू ठेवणारी माणसे थोडी नाहीत.

हे सर्व औषध येते कोठून? बहुतांशी तमिळनाडूतून. धारापुरम, मूलनूर, ओट्टनछत्रम, करूर ह्या कोरडवाहू भागात शेतकरी कळलावी लावतात. पूर्वी डोंगरांतून कंद खणून आणीत. कंद खणला की वेल संपतो, आणि रानातले साठे झपाट्याने घटले. आता शेतात तारेच्या किंवा जिवंत कुंपणाच्या आधारावर वेल चढवितात आणि कंदाऐवजी बी विकतात. बियांत कोल्चिसिन अधिक असते आणि कंद पुढच्या हंगामास राखता येतो. ह्या पिकाचे एक अवघड काम आहे. फुलातील स्त्रीकेसराचा देठ पुंकेसरांपासून काटकोनात बाहेर वळलेला असतो, त्यामुळे आपोआप फळधारणा कमी होते. म्हणून सकाळच्या वेळी स्त्रिया फुलाफुलापाशी जाऊन हाताने पराग लावतात. फुलामागून फूल, ओळीमागून ओळ, हे काम आठवडेच्या आठवडे चालते. बियांचा भाव मात्र परदेशी खरेदीदारांच्या मागणीवर वरखाली होतो, आणि भाव पडला की घरात बियांची पोती पडून राहतात.

2020 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या एलिझाबेथ सॅटेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कळलावी कोल्चिसिन कसे घडविते त्याची जवळजवळ सर्व पायरीवार रीत उलगडली, आणि तिची जनुके तंबाखूच्या वर्गातील एका रोपात घालून कोल्चिसिनच्या अगदी निकटचे द्रव्य त्या रोपाकडून बनवून घेतले. उद्या हीच रीत एखाद्या किण्वात बसविता आली तर हे औषध टाकीत तयार होऊ शकेल. तसे झाल्यास दर गोळीत मात्रा ठरावीक राहील, रानातला कंद वाचेल, आणि सकाळी फुलांवर पराग लावणाऱ्या धारापुरमच्या स्त्रियांना दुसरे काम शोधावे लागेल. अद्याप मात्र बी त्यांच्याच शेतातून जाते, आणि आषाढ लागला की नांगराच्या आकाराचे ते कंद तेथे पुन्हा मातीत पुरले जातात.